अमेरिकेत हौशी कार रेसिंग: आधी कॅलेंडर, मग गाडी

गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, “रेसिंग सुरू करायचंय, गाडी कुठली घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं असतं: अजून कुठलीच घेऊ नका. तुमच्या घरापासून चार तासांच्या आत कुठले ट्रॅक आहेत, तिथे कुठला क्लब रेस घेतो आणि त्या रेसमध्ये कुठल्या गाड्या खरोखर धावतात, हे आधी बघा. गाडी त्यातून आपोआप ठरते. उलट्या क्रमाने गेलेले लोक पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी रेसच्या गाड्या उभ्या करायच्या मैदानात, नेहमी दिसतात. दोन हिवाळे खपून गॅरेजमध्ये बीएमडब्ल्यू तयार केलेली असते आणि आपल्या भागात त्या क्लासला (एकमेकांशी लढणाऱ्या सारख्या गाड्यांच्या गटाला) दुसरी गाडीच येत नाही, हे पहिल्या रेसच्या दिवशी कळतं. एकटे धावायचं, एकटेच पहिले यायचं. जत्रेच्या फडात जोडच न मिळालेल्या पैलवानाने नारळ घेऊन घरी यावं, तसलं ते जिंकणं.

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी ईशान्येकडची येतील. कॅलिफोर्निया, टेक्सास, मिशिगनवाल्यांनी आपापले ट्रॅक त्या जागी बसवून घ्यावेत.

रस्त्यावरून ट्रॅकवर

इथे रोड रेस म्हणतात ती डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या बंदिस्त ट्रॅकवरची रेस. सार्वजनिक रस्त्यावर “चल, लावू या” म्हणणारा कुठल्याच क्लबचा नसतो. त्याच्या नादी लागलात तर लायसन्स आणि कदाचित व्हिसाही गोत्यात येईल.

सुरुवात मात्र खरोखर रस्त्यांवरच झाली. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावात कॅमेरॉन आर्गेटसिंगर या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने ६.६ मैलांच्या फेरीवर रेस झाली. मार्ग गावातून आणि आजूबाजूच्या टेकड्यांतून जाणारा होता. १९५२ साली तिथेच गाडी बघ्यांना घासून गेली आणि ७ वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर रस्त्यांवरच्या रेसचे दिवस भरले. मधल्या काळात जनरल कर्टिस लमे यांनी हवाई दलाचे तळ रेससाठी उघडून दिले, कारण त्यांना स्वतःलाच स्पोर्ट्स कारचं वेड होतं. मग विस्कॉन्सिनमध्ये रोड अमेरिका (१९५५), वॉटकिन्स ग्लेनचा कायमचा ट्रॅक (१९५६), कनेटिकटमध्ये लाइम रॉक (१९५७) असे ट्रॅक उभे राहिले.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. रेस आता पूर्णपणे ट्रॅकच्या तारखांवर अवलंबून आहे, आणि ट्रॅक ही मर्यादित गोष्ट आहे. जमिनीचे भाव वाढले की ट्रॅक जातो. कॅलिफोर्नियातला रिव्हरसाइड १९८९ मध्ये बंद झाला आणि तिथे मॉल उभा राहिला. जे उरलेत त्यांना शेजारी असतात, आणि शेजाऱ्यांना आवाज नको असतो. लाइम रॉकवर १९५९ च्या कोर्टाच्या आदेशामुळे रविवारी रेस होत नाही. तिथला रेसचा दिवस शनिवार, नाहीतर सुट्टीचा सोमवार. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा इतकी कडक असते की गाडीला जादा मफलर लावावा लागतो. तारखा आणि अटी अशा ट्रॅकगणिक बदलतात.

क्लब कोणते

सगळ्यात जुना आणि सगळ्यात पसरलेला म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, एससीसीए. स्थापना १९४४, मुख्य कार्यालय कॅन्सस राज्यातल्या टोपेकात. देशभर त्याचे शंभरावर विभाग आहेत आणि खरं काम हे विभागच करतात. ट्रॅक भाड्याने घेणं, स्वयंसेवक गोळा करणं, रेस पार पाडणं सगळं त्यांच्याकडे. आमच्याकडे नॉर्दर्न न्यू जर्सी, साउथ जर्सी, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया असे विभाग दाटीवाटीने आहेत. सभासद एका विभागाचे झालात तरी रेस कुठल्याही विभागाची करता येते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. काही विभागांकडे स्वतःचा ट्रॅक आहे. उत्तर कॅलिफोर्नियातला थंडरहिल सॅन फ्रान्सिस्को विभागाचा, तर बटनविलो लॉस एंजेलिसकडच्या कॅल क्लबचा. तिकडे तारखा जास्त मिळतात त्याचं हे मोठं कारण. हिवाळ्यात बर्फही आड येत नाही, ते वेगळंच.

दुसरी संघटना नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, म्हणजे नासा. अवकाशवाल्यांशी संबंध नाही. घरी सांगताना मात्र मजा येते. १९९१ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. हिच्या शिकवण्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. पहिल्या पायरीवर प्रशिक्षक शेजारच्या सीटवर बसतो, मग तुम्ही एकटे, मग ओव्हरटेक करायच्या जागा वाढत जातात, चौथ्या पायरीनंतर रेसचं प्रशिक्षण. ज्याला ‘आता पुढे काय’ हे कुणीतरी सांगावं असं वाटतं, त्याने नासाकडून सुरुवात करावी.

यांच्याशिवाय बीएमडब्ल्यू आणि पोर्शे मालकांच्या क्लबांच्या स्वतःच्या रेस असतात. पोर्शेवाले गाडीला गाडी लागणं फार मनावर घेतात, त्यामुळे महाग गाडी असेल तर तिथे जीव थोडा कमी धाकधुकतो. वायव्येला, सिएटल-पोर्टलंडकडे, इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्पोर्ट्स कार क्लब्स ही छोट्या क्लबांची मोट आहे. डेट्रॉइटच्या वाहन कंपन्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत. त्यांना वॉटरफर्ड हिल्स हा छोटा ट्रॅक आणि तिथलाच क्लब घराजवळ मिळतो.

आणि २४ अवर्स ऑफ लेमन्स. २००६ पासून चालू असलेली, ५०० डॉलरच्या भंगार गाड्यांची रेस. सुरक्षेच्या सामानाचा खर्च त्या ५०० मध्ये धरत नाहीत. रेसिंग लायसन्स लागत नाही, चार-पाच मित्र मिळून आळीपाळीने चालवतात, चूक केली की पंच विदूषकी शिक्षा देतात. मात्र गाडीतला पिंजरा (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा लोखंडी सांगाडा), सीट, बेल्ट यांची तपासणी अजिबात विदूषकी नसते.

कॅलेंडर वाचायचं कसं

विभागांच्या बहुतेक तारखा मोटरस्पोर्टरेज डॉट कॉम (motorsportreg.com) या नोंदणीच्या साइटवर असतात. तुमचा पिनकोड आणि अंतर टाका, यादी येते. यादी बघून हुरळू नका, कारण तिच्यात सगळंच मिसळलेलं असतं. सोलो म्हणजे पार्किंगमध्ये शंकू मांडून एकेका गाडीने वेळेशी लढायचं. त्याला ऑटोक्रॉसही म्हणतात. टाइम ट्रायल ट्रॅकवर असते, पण तीही वेळेशीच. ट्रॅक डे म्हणजे निव्वळ सराव. ‘रीजनल’ आणि ‘मेजर्स’ लिहिलेलं असेल तीच चाकाला चाक लावून होणारी रेस. मेजर्स आणि सुपर टूर ही राष्ट्रीय अंतिम स्पर्धेची, रनऑफ्सची वाट. नवख्याने रीजनलच शोधावी.

आता खरी मेहनत. ज्या दोन-तीन ट्रॅकवर जाणं जमेल, तिथल्या मागच्या हंगामातल्या रीजनल रेसचे निकाल उघडा. ते सगळ्यांना बघता येतात. प्रत्येक क्लासमध्ये किती गाड्या आल्या ते कागदावर मांडा. दर वेळी दहाच्या वर गाड्या येणारे क्लास दोन-तीनच निघतील. बाकीच्यांत एक, दोन, कधी शून्य. एका वेळी ट्रॅकवर चार-पाच क्लास एकत्र सोडतात, त्यामुळे मैदान भरलेलं दिसतं. तुमच्या क्लासचे किती, ते निकालातच कळतं. नियमपुस्तकात डझनावारी क्लास आहेत म्हणून तुमच्या भागात तितक्या रेस आहेत असं नाही. अर्ध्या तासाचं हे काम न करता लोक २० हजार डॉलर खर्च करतात.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्याला मिलविलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क दीड-दोन तासांवर पडतो. २००८ चा, त्यामानाने नवा. थंडरबोल्ट २.२५ मैलांचा आणि लाइटनिंग १.९ मैलांचा असे दोन ट्रॅक तिथे आहेत. लाइम रॉक अडीच तासांवर. फक्त दीड मैलाचा, पण शेवटचं उताराचं वळण भल्याभल्यांना घाम फोडतं. वॉटकिन्स ग्लेन आणि वेस्ट व्हर्जिनियातला समिट पॉइंट चार-चार तास. समिट पॉइंटवर वॉशिंग्टन डीसी विभागाची मार्स नावाची मालिका चालते आणि तिला गाड्यांची गर्दी चांगली असते. माझ्या मते पहिल्या वर्षी अंतरापेक्षा गर्दीला महत्त्व द्यावं, कारण तुमच्याच वेगाचं कुणीतरी पुढे-मागे असल्याशिवाय रेस शिकता येत नाही.

इकडचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. सप्टेंबरात गणपती आणि रेस एकाच शनिवारी येतात, त्याचा तोडगा ज्याने त्याने घरी काढावा.

आधी झेंडा हातात घ्या

एक रुपया, म्हणजे डॉलर, खर्च न करता रेस आतून बघायची असेल तर स्वयंसेवक व्हा. क्लबांना माणसं कायम कमी पडतात. विभागाला मेल टाका की झेंड्यावर काम करायचंय. आनंदाने बोलावतील, जेवण देतील, अनुभवी माणसाच्या जोडीला उभं करतील. अंगावर पांढरे कपडे, पायात बूट, टोपी, भरपूर पाणी. लाल, पिवळे, हिरवे कपडे चालत नाहीत, कारण चालकाला ते झेंड्यासारखे दिसतात.

वळणावरच्या चौकीत दोघंतिघं असतात. त्यातला एक येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून निळा झेंडा सांभाळतो, दुसरा त्याच्याकडे पाठ करून पुढच्या पट्ट्यावर नजर ठेवतो आणि पिवळा त्याच्या हातात असतो. दोघं एकमेकांच्या पाठीचे डोळे. गाडी गवतात गेली की मागे वळून न बघता पिवळा वर जातो. स्थिर पिवळा म्हणजे धोका, ओव्हरटेक बंद. हलता पिवळा म्हणजे धोका मोठा, वेग उतरवा. पिवळ्यावर लाल उभे पट्टे असतील तर रस्त्यावर तेल किंवा तुकडे. निळ्यावर पिवळा तिरका पट्टा, म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळा दाखवून तुमच्याकडे बोट केलं तर मुकाट्याने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, या. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे गाडीतच काहीतरी लोंबतंय किंवा गळतंय. पांढरा म्हणजे पुढे रुग्णवाहिका किंवा हळू गाडी. टीव्हीवर बघून तो शेवटच्या फेरीचा समजू नका.

असा दिवसभर उभा राहिलात की चांगला चालक कुठे ब्रेक लावतो, कुठली गाडी सतत बिघडते, कोण कुणाला वाट देतो हे फुकटात कळतं. शिवाय ओळखी होतात. जुनी रेस कार विकायला निघाली की ती जाहिरातीत येण्याआधी या लोकांत फिरते.

स्वतः चालवायला सुरुवात

पहिली पायरी ऑटोक्रॉस. रोजची कॅमरी किंवा सिव्हिक चालते; उंच एसयूव्ही नाही, ती उलटायची भीती. एक धाव पाऊण ते एक मिनिटाची, दिवसात साधारण चार ते सहा धावा. शंकू पाडला की २ सेकंद दंड, दोन शंकूंमधला रस्ताच चुकला तर ती धाव बाद. तुमची धाव नसते तेव्हा इतरांनी पाडलेले शंकू उभे करायला जावं लागतं, हा नियम आहे, उपकार नाही. याला कमी लेखू नका: दर सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला याची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि हजारावर लोक येतात.

दुसरी पायरी ट्रॅकवरचा सराव. एससीसीएचा ट्रॅक नाइट इन अमेरिका हा कार्यक्रम आठवड्यातल्या संध्याकाळी असतो. ऑफिस लवकर सोडून जाता येतं. नवखे, मधले, पुढचे असे तीन गट, प्रत्येकाला वीस-वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. निघण्याआधी ब्रेक फ्लुइड नवीन भरा आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते बघा. इंजिनाची ताकद वाढवायचा मोह टाळा. रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर सगळ्यात आधी ब्रेकने मान टाकते. आणि तुमचा नेहमीचा कार इन्शुरन्स ट्रॅकवरचं नुकसान बहुधा देत नाही. सराव-दिवसांपुरती वेगळी पॉलिसी मिळते. पॉलिसीचे कागद स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. रेसच्या दिवशी मात्र गाडीची जबाबदारी पूर्ण तुमची. ज्या गाडीचं कर्ज फिटायचंय ती रेसला न्यायचीच नाही, एवढं पथ्य पाळलं तरी खूप.

लायसन्स

एससीसीएत आधी सभासद व्हायचं, मग नॉव्हिस परमिटचा अर्ज. सोबत डॉक्टरने तपासून भरलेला फॉर्म लागतो. अमेरिकेत डॉक्टरची वेळ मिळायला महिना जातो, तेव्हा तो आधी उरका. परमिट हातात आलं की विभागाचं ड्रायव्हर स्कूल. ही स्कूलं बहुधा वसंतात, हंगामाच्या तोंडाशी असतात, आणि प्रत्येक विभाग दर वर्षी घेईलच असं नाही. कॅलेंडरवर रेसपेक्षा आधी हीच तारीख शोधा. ती हुकली तर अख्खं वर्ष हातचं जाऊ शकतं किंवा दूरच्या विभागात जावं लागतं. खाजगी रेसिंग स्कूलचाही मार्ग आहे; १९७५ पासून चालू असलेलं स्किप बार्बर त्यातलं जुनं नाव. तिथे गाडी त्यांची असते, पण पैसे चांगले मोजावे लागतात.

स्कूलमध्ये गाडी तुमची किंवा भाड्याची. वर्गात झेंडे आणि नियम, ट्रॅकवर सराव, शेवटी सुरुवातीचा हिरवा झेंडा घेऊन सरावाची रेस. प्रशिक्षक वेग बघत नाही. आरशात बघता का, झेंडा दिसतो का, तीच वाट दर फेरीला धरता का, हे बघतो. पास झालात की ठरलेल्या रीजनल रेस पूर्ण करून पूर्ण लायसन्स मिळतं. तोवर गाडीच्या मागे नवखेपणाची खूण लावायची असते. लाजू नका, तिच्यामुळे मागचे जरा अंतर राखतात.

पॉल न्यूमन हा नट १९७२ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत, रेसिंगला लागला आणि पुढे एससीसीएची चार राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन गेला. तेव्हा वयाची सबब सांगू नका.

गाडी कुठली

आता या प्रश्नाला अर्थ आहे. तुमच्या कागदावर बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला स्पेक मियाटा निघेल: १९९० ते २००५ च्या माझदा मियाटा, सगळ्यांना जवळपास सारखेच नियम. सुटे भाग मिळतात, पॅडॉकमध्ये शेजाऱ्याकडे मागितला तरी भाग मिळतो, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळतं. स्पर्धा मात्र जीवघेणी. मधल्या घोळक्यात पत्रे घासले जाणारच. स्पेक रेसर फोर्ड ही उघडी, खास रेससाठीच बांधलेली गाडी. इंजिन सील केलेलं असल्यामुळे पैसेवाल्याला छुपी ताकद विकत घेता येत नाही. वय झालेल्या, शांत डोक्याच्या लोकांचा हा क्लास, असं माझं निरीक्षण आहे. फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर उभी असलेली फॉर्म्युला व्ही १९६३ पासून धावतेय आणि गाडीखाली झोपायची हौस असेल तर तिच्याइतकं स्वस्त शिक्षण नाही. बी-स्पेक या छोट्या गाड्यांच्या क्लासमध्ये होंडा फिट धावते, म्हणजे आपली पुण्यातली जॅझ.

नवीन गाडी बांधू नका, बांधलेली घ्या. पिंजरा वेल्ड करणं, सीट, अग्निशमन, वायरिंग यांत घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत, म्हणून दुसऱ्याचे गेलेले बरे. चालू स्थितीतली स्पेक मियाटा साधारण १५ ते ३० हजार डॉलरच्या दरम्यान मिळते. घेताना तिची लॉगबुक मागा. प्रत्येक तपासणीची, प्रत्येक अपघाताची नोंद तिच्यात असते. लॉगबुक ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. पहिले एक-दोन वीकेंड भाड्याच्या गाडीत काढणं त्याहून शहाणपणाचं. महाग वाटतं, पण ट्रेलर, टायर, मेकॅनिक सगळं त्यांचं.

अंगावरच्या सामानात काटकसर नको. हेल्मेट स्नेल या तपासणी संस्थेच्या ‘एसए’ दर्जाचं लागतं. मोटरसायकलच्या ‘एम’ दर्जाच्या हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं नसतं. अग्निरोधक सूट, मोजे, हातमोजे, बूट. मानेचा आधार, ज्याला सगळे सरसकट हान्स म्हणतात, तो सक्तीचा आहे. २००१ मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये गाजलेला चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होऊन गेला, तेव्हापासून त्यावर वाद उरला नाही.

पहिला वीकेंड

शुक्रवारी रात्री पोचा. शनिवारी सकाळी टेक तपासणीची रांग लागते. तपासनीस म्हातारा, बहुधा खवट, पण तुमच्या जिवासाठीच खवट. तो बेल्टवर छापलेली तारीख चष्मा वर करून वाचतो, बॅटरी धरून हलवतो, चाक वर-खाली ओढून बेअरिंगचा ढिलेपणा बघतो, बाहेरून किल-स्विच फिरवून इंजिन बंद पडतं का ते पाहतो, खिडकीची जाळी एका हाताने सोडवायला लावतो. मुदत संपलेला बेल्ट म्हणजे दिवस संपला. पॅडॉकमधून उसना मिळाला तर नशीब. वेळ नोंदवणारा ट्रान्सपाँडर नसेल तर विभागाकडे भाड्याने मिळतो का, हे नोंदणी करतानाच विचारा.

मग सराव, पात्रता (म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणारी वेळ), रेस. ट्रॅकवर एका वेळी वीस-तीस मिनिटंच, म्हणजे बाकीचा दिवस वाट बघण्यात आणि चाकाचे नट आवळण्यात जातो. एकट्याने जाऊ नका. हवेचा दाब लिहून ठेवणारा, पेट्रोल आणणारा, ‘पाणी पी’ म्हणणारा कुणीतरी हवा. प्रवेश फी ४०० ते ६०० डॉलरच्या आसपास, त्यावर टायर, पेट्रोल, मोटेल. ट्रेलर ओढायला मोठी गाडी हवी, तो खर्च लोक हटकून विसरतात.

सुरुवातीला शेवटच्या ओळीतून निघायची परवानगी मागा, देतात. पहिल्या वळणावर आत घुसू नका. तिथे रेस जिंकता येत नाही, गाडी मात्र जाते. कुणाशी टक्कर झालीच तर भांडायला त्याच्या तंबूत जाऊ नका. कॅमेऱ्याचं कार्ड काढून ठेवा, स्टुअर्डने, म्हणजे रेसच्या अधिकाऱ्याने, बोलावलं की हजर व्हा आणि जे दिसलं तेवढंच सांगा. तक्रार नोंदवायची मुदत निकाल लागल्यापासून मोजतात आणि ती लहान असते. सगळे नियम जीसीआर नावाच्या जाडजूड पुस्तकात आहेत. एससीसीएच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. त्यातला तुमच्या क्लासचा आणि झेंड्यांचा भाग निघण्याआधी छापून घ्या, पॅडॉकमध्ये फोनला रेंज असेलच असं नाही.

भारतात परतायचा विचार असलेल्यांसाठी दोन शब्द. तिकडचं लायसन्स फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया देते, आणि हौशी माणसाला परवडणाऱ्या सर्किट रेस मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला तिकडे लांबचा प्रवास करूनच जावं लागतं. इथलं लायसन्स आणि निकालांचे कागद बॅगेत असू द्या. तिकडचं लायसन्स आपोआप मिळणार नाही, पण तिथल्या टीमकडे गाडी भाड्याने मागताना तुम्ही काय चालवलंय हे दाखवता येईल.